दार कोणीं लावावें आणि किती दिवस?

आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी साजरी करून पुढें चार महिने कांद्यास घरांत मज्जाव करणारीं कुटुंबें आजहि आपल्या वाचकांत थोडीं नाहींत. परंतु चातुर्मास पाळणाऱ्या घरांतहि कांद्याचा भाव हा विषय मात्र वर्ज्य नसतो. भाव चढला कीं स्वयंपाकघरांतून तक्रार निघते, ओटीवर तिची चर्चा होते, आणि ‘सरकार करतें तरी काय?’ या प्रश्नापाशीं ती चर्चा येऊन थांबते. सरकार जें करतें तें बहुधा एकच असतें : परदेशीं जाणाऱ्या मालापुढें बंदराचें दार लावणें. दार लागलें, बाजार उतरला, कीं घरोघरीं समाधान होतें आणि तो विषय आपण विसरून जातों. हें दार लावण्याचा अधिकार कोणाचा, तो कोणत्या कायद्यानें मिळालेला, त्यास मुदत कोणती, आणि दार लागल्यामुळें ज्याचें नुकसान झालें त्याची दाद कोण घेतो, हे प्रश्न आपल्या ओटीवर क्वचितच निघतात. या महिन्यांत याच प्रश्नांचा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम आपल्या महाराष्ट्रास जवळून ठाऊक असलेला प्रकार पाहूं. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं, शनिवारीं, केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० कर बसविला. ऑक्टोबरच्या अखेरीस, टनास ८०० डॉलरहून कमी दरानें कांदा बाहेर पाठवूं नये असा किमान निर्यात दर ठरविला. ८ डिसेंबरपासून निर्यात अजीबात बंद केली. ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंतच आहे असें त्या वेळीं सांगितलें होतें. परंतु मुदत संपण्यास थोडे दिवस उरले असतां, २२ मार्च रोजीं, ती ‘पुढील हुकूम होईपर्यंत’ वाढविण्यांत आली. शेवटीं ४ मे २०२४ रोजीं बंदी उठली. पण टनास ५५० डॉलर किमान दर आणि शेंकडा ४० कर हीं दोन ओझीं पाठीवर ठेवूनच. त्यांतील किमान दर १३ सप्टेंबर २०२४ रोजीं काढण्यांत आला व कर शेंकडा २० वर आला. आणि १ एप्रिल २०२५ पासून तोहि नाहींसा झाला. ऑगस्टपासून मेपर्यंतच्या नऊ महिन्यांच्या आंतच नियम पांच वेळां बदलला. पेरणी करतांना एक नियम, काढणी करतांना दुसरा आणि माल बाजारांत नेतांना तिसरा, असा हा प्रकार झाला.

याचा परिणाम शेतकऱ्यावर कसा होतो हें कळण्यास कांद्याच्या पिकाची थोडी माहिती हवी. नाशिककडे उन्हाळ कांदा मार्चपासून मेपर्यंत निघतो. तो टिकाऊ असतो. बांबूच्या किंवा लोखंडी पट्ट्यांच्या हवेशीर चाळींत भरून ठेवला तर दिवाळीच्या सुमारापर्यंत तो राहतो, जरी त्यांतील कांहीं भाग सडतो व वजनहि घटतें. परंतु पावसाळ्यांत लावलेला आणि दिवाळीच्या आगेंमागें निघूं लागणारा लाल कांदा असा टिकत नाहीं. तो काढला कीं विकावाच लागतो. डिसेंबरांत बाजारास येतो तो हाच लाल कांदा. त्यामुळें ८ डिसेंबर रोजीं दार लागलें तेव्हां ‘भाव नाहीं, तर माल घरीं ठेवतों’ असें म्हणण्याची सोयहि शेतकऱ्यास नव्हती. निफाड तालुक्यांतील लासलगांवची पेठ ही कांद्याची देशांतील प्रमुख पेठ. तेथील भाव महिन्याभरांत निम्म्याहून खालीं उतरला. ज्यानें बी, खत, औषध आणि मजुरी यांचा खर्च चढत्या भावाच्या आशेवर केला होता, त्याचा हिशेब एका रात्रींत उलटा झाला. व्यापारांत तेजीमंदी चालावयाचीच. पण ही मंदी पावसानें आणली नव्हती कीं गिऱ्हाइकानें आणली नव्हती. ती गॅझेटांतील एका पानानें आणली होती.

बंदीच्या काळांतहि दार सर्वांना सारखेंच बंद नव्हतें. बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, मॉरिशस, बहारीन आणि श्रीलंका या सहा देशांसाठीं मिळून ९९,१५० टन कांदा पाठविण्यास परवानगी देण्यांत आली. एप्रिल २०२४ मध्यें गुजरातेंतील २,००० टन पांढरा कांदा बाहेर नेण्याची मोकळीक मिळाली, तेव्हां आमचाच लाल कांदा कां अडविला, असा सवाल नाशिकच्या शेतकऱ्यांनीं केला. हे अपवाद योग्य होते कीं अयोग्य, हा वाद येथें घालावयाचा नाहीं. मुद्दा इतकाच कीं, दार कोणासाठीं किती उघडावयाचें हेंहि दार लावणाऱ्याच्याच मर्जीवर होतें.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. असा अधिकार राज्यकर्त्यांस मुळींच नसावा, असें या लेखकाचें म्हणणें नाहीं. १८७६ ते १८७८ या सालांतील दुष्काळांत दक्षिणेंत माणसें अन्नावांचून मरत असतां लॉर्ड लिटन यांच्या सरकारनें खुल्या व्यापाराच्या तत्त्वाचा आधार घेऊन धान्याच्या व्यापारांत हात घालण्याचें नाकारलें, आणि हिंदुस्थानांतून विलायतेस गहूं जातच राहिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्या दुष्काळाची हकीकत गांवोगांवाहून गोळा करून सरकारापुढें मांडली होती. ज्या देशानें हा अनुभव घेतला, त्यानें आपल्या बंदराच्या दारास कडीच असूं नये असें म्हणणें शहाणपणाचें होणार नाहीं. आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमहि हें मान्य करतात. १९४७ सालच्या ‘गॅट’ करारांतील अकराव्या कलमांत अन्नाची तीव्र टंचाई टाळण्यासाठीं तात्पुरत्या निर्यातबंदीस मुभा ठेविली आहे. परंतु त्यांतील ‘तीव्र’ आणि ‘तात्पुरती’ हे दोन शब्द विसरून चालणार नाहीं. कडी हवी, पण ती कोणीं, केव्हां आणि किती दिवस लावावी याचा कायदा हवा. वाद आहे तो एवढाच.

आतां आपला कायदा काय सांगतो तें पाहूं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हिंदुस्थान संरक्षणाच्या नियमांखालीं आयात-निर्यातीवर नियंत्रण आलें. युद्ध संपलें तरी तें गेलें नाहीं. १९४७ सालीं त्याचा स्वतंत्र कायदा झाला. तो आरंभीं मुदतीचा होता, आणि त्याची मुदत वेळोवेळीं वाढत गेली. १९९२ सालीं त्याच्या जागीं ‘परकीय व्यापार (विकास व नियमन) कायदा’ आला. या कायद्याच्या तिसऱ्या कलमान्वयें केंद्र सरकार गॅझेटांत हुकूम प्रसिद्ध करून कोणत्याहि मालाची आयात वा निर्यात बंद करूं शकतें, तिच्यावर निर्बंध घालूं शकतें, वा तिचें अन्य प्रकारें नियमन करूं शकतें. कोणत्या कारणांसाठीं बंदी घालावी याची यादी त्या कलमांत नाहीं. बंदी किती दिवस टिकावी याची मर्यादा नाहीं. बंदीमुळें बुडालेल्यास भरपाई द्यावी असा शब्द नाहीं. हुकूम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढें ३० दिवस ठेवावा, असें एकोणिसावें कलम सांगतें खरें. परंतु त्याचा अर्थ इतकाच कीं, दोन्ही सभागृहांनीं एकमतानें तो बदलला वा रद्द केला तरच तो बदलेल वा रद्द होईल. कोणी कांहीं बोललें नाहीं तर हुकूम आपोआप कायम राहतो. संसदेची संमति मागण्याचें बंधन सरकारवर नाहीं. मौन हीच संमति धरली जाते.

याच्याशेजारीं दुसरा एक कायदा ठेवून पाहावा, म्हणजे त्यांतील विसंगति ध्यानांत येईल. निर्यातीवर तातडीनें कर बसवावयाचा किंवा वाढवावयाचा झाल्यास १९७५ सालच्या जकातदर कायद्याचें आठवें कलम लागू होतें. तेथेंहि सरकार गॅझेटांत सूचना काढून कर ताबडतोब लागू करूं शकतें. मात्र ती सूचना संसदेपुढें ठेवावी लागते. संसदेचें अधिवेशन चालू नसेल तर तें पुन्हा भरल्यापासून सात दिवसांत ठेवावी लागते. आणि लोकसभेपुढें ठेवल्यापासून पंधरा दिवसांत ठराव आणून तिला संसदेची मंजुरी मागावी लागते. याचें कारण उघड आहे. कायद्यावांचून कर नाहीं हें तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या २६५ व्या कलमांत आहे, आणि करावर प्रजेच्या प्रतिनिधींचा ताबा असावा यासाठीं जगांत मोठमोठे झगडे झालेले आहेत. पण परिणाम पाहा. शंभर रुपयांच्या कांद्यावर चाळीस रुपये कर घ्यावयाचा तर लोकसभेची मंजुरी मागावयाची, आणि तोच कांदा सबंध अडवून ठेवावयाचा तर तिला विचारण्याचेंहि कारण नाहीं! लहान ओझें लादण्यास पंचांची परवानगी हवी, आणि मोठें ओझें मात्र कारभाऱ्यानें एकट्यानें लादावें, हा न्याय समजण्यास कठीण आहे.

कोणी म्हणेल, बाजार धांवतो आणि संसद चालते. भाव भडकले असतां अधिवेशनाची वाट पाहत बसावें काय? या शंकेंत तथ्य आहे, पण वरील जकातदर कायद्यानेंच तिचें उत्तर दिलेलें आहे. हुकूम आज काढावा, मंजुरी मागाहून घ्यावी. शिवाय एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजीं कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हां संसदेचें हिवाळी अधिवेशन चालू होतें. तें ४ डिसेंबर रोजीं सुरू झालें होतें आणि २१ डिसेंबरपर्यंत चाललें. प्रतिनिधी दिल्लींत बसलेलेच होते. त्यांची मंजुरी घेण्यास ना अंतर आड येत होतें ना काळ. आड येत होती ती एवढीच गोष्ट कीं, कायद्यानें ती मागण्याची सक्ति केलेली नव्हती.

ही अडचण आपल्याच देशास आली आहे असें नाहीं. जगांतील मोठमोठ्या धान्य विकणाऱ्या राष्ट्रांस ती आली, आणि त्यांपैकीं एकानें, म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं, तिच्यावर कायद्याचा उपाय योजून पाहिला. तो इतिहास बोधप्रद असल्यानें थोडक्यांत देतों.

अमेरिकेच्या राज्यघटनेनें परदेशाशीं चालणाऱ्या व्यापाराचें नियमन करण्याचा अधिकार काँग्रेसकडे, म्हणजे तेथील कायदेमंडळाकडे, दिला आहे. आणि निर्यातीवर कर बसविण्यास तर त्या घटनेंत साफ मनाई आहे. परंतु काळाच्या ओघांत काँग्रेसनेंच निरनिराळे कायदे करून निर्यात अडविण्याचा अधिकार अध्यक्षांच्या हातीं सोंपविला. २७ जून १९७३ रोजीं अध्यक्ष निक्सन यांच्या सरकारनें सोयाबीनची निर्यात एकाएकीं बंद केली. देशांत भाव भडकले होते, हें कारण. बंदी लवकरच सैल झाली व त्या वर्षींच उठली. परंतु सोयाबीनसाठीं बहुतांशीं अमेरिकेवर विसंबून असलेल्या जपानच्या मनांत जी धास्ती बसली ती उठली नाहीं. ज्यांच्या रोजच्या जेवणांत सोयाबीनचे पदार्थ, त्यांनीं दुसरा पुरवठादार शोधावा हें स्वाभाविकच होय. पुढें जपाननें ब्राझीलच्या ओसाड माळरानांत शेती उभी करण्यास पैसा व ज्ञान पुरविलें. आणि आज सोयाबीनच्या निर्यातींत ब्राझील अमेरिकेच्याहि पुढें गेला आहे. त्या उत्कर्षास दुसरींहि कारणें आहेत. पण अमेरिकेनें दार लावलें तेव्हां गिऱ्हाइकानें दुसऱ्या दुकानाची वाट शोधली, ही गोष्ट खरी.

दुसरा प्रसंग याहून मोठा. डिसेंबर १९७९ मध्यें रशियानें अफगाणिस्तानांत फौजा घातल्या. त्याचा निषेध म्हणून ४ जानेवारी १९८० रोजीं अध्यक्ष कार्टर यांनीं रशियास जावयाचें १ कोटि ७० लाख टन धान्य रोखल्याची घोषणा केली. १९७५ सालच्या करारान्वयें द्यावयाचें ८० लाख टन मात्र त्यांतून वगळलें होतें. रशियाची अडचण फारशी झाली नाहीं. अर्जेंटिनासारख्या देशांनीं आपलें धान्य त्यास विकलें. मोठ्या व्यापारी पेढ्यांचे अडकलेले सौदे सरकारनें आपल्या अंगावर घेतले. शेतकरी मात्र म्हणूं लागला कीं, परराष्ट्राशीं भांडण सबंध राष्ट्राचें, पण त्याचा दंड माझ्या एकट्याच्या कोठारावर कां? १९७७ सालच्या शेतीविषयक कायद्यांत त्याच्या संरक्षणाचें एक कलम होतें; परंतु तें टंचाईच्या कारणानें निर्यात थांबविली तरच लागू पडे, आणि ही बंदी परराष्ट्रधोरणाच्या कारणानें घातलेली होती. कायद्याची भिंत एका बाजूस बांधलेली होती. हुकूम दुसऱ्या बाजूनें आंत आला. २४ एप्रिल १९८१ रोजीं नवे अध्यक्ष रेगन यांनीं ही बंदी उठविली.

यानंतर काँग्रेसनें जे निर्बंध घातले ते आपल्या विचाराच्या दृष्टीनें महत्त्वाचे आहेत. १९८१ च्या शेतीविषयक कायद्यानें असें ठरविलें कीं, राष्ट्राच्या संरक्षणासाठीं वा परराष्ट्रधोरणासाठीं अध्यक्षांनीं एखाद्या देशास जाणारा शेतमाल अडविला, इतर माल मात्र जाऊं दिला, आणि त्या जिनसाच्या एकंदर निर्यातींत त्या देशाचा वांटा शेंकडा तीनहून अधिक असला, तर सरकारनें शेतकऱ्यांस ‘पॅरिटी’ भावाच्या हिशेबानें भरपाई द्यावी. १९१० ते १९१४ या सालांत शेतमालाच्या भावाचें शेतकऱ्यास लागणाऱ्या जिनसांच्या भावाशीं जें प्रमाण होतें, त्यावरून काढलेला हा भाव बाजारभावाहून पुष्कळच वर असतो. म्हणजे दार लावण्यास मनाई नाहीं, पण लावणाऱ्यानें त्याची किंमत सरकारी तिजोरींतून मोजावी. जानेवारी १९८३ मध्यें मंजूर झालेल्या कायद्यानें दुसरा निर्बंध आला. बंदी पुकारण्यापूर्वीं ज्या शेतमालाचा सौदा झाला आहे व जो २७० दिवसांच्या आंत रवाना करावयाचा आहे, तो अध्यक्षांस अडवितां येणार नाहीं. युद्ध किंवा राष्ट्रीय आणीबाणी असेल तर गोष्ट वेगळी. तिसरा निर्बंध २००० सालचा. अमेरिकेनें एकटीनें परदेशावर शेतमालाची किंवा औषधांची बंदी घालावयाची, तर अध्यक्षांनीं ६० दिवस आधीं काँग्रेसला कारणें कळवावीं, आणि काँग्रेसनें ठराव करून मंजुरी द्यावी. मंजुरी मिळाली तरी ती बंदी दोन वर्षांनीं आपोआप संपावी, आणि पुढें चालवावयाची तर पुन्हा मंजुरी घ्यावी. या कायद्यासहि युद्धादि प्रसंगांचे अपवाद आहेतच.

या कायद्यांची नक्कल आपण जशीच्या तशी करावी असें नाहीं. त्यांचा रोंख मुख्यतः परराष्ट्रांशीं होणाऱ्या भांडणांवर आहे. आपल्याकडील बंदी बहुधा घरच्या महागाईवर असते. तो देश धान्यानें भरलेला. आपल्याकडे अन्नाची चिंता जुनी. पण त्यांतील तत्त्व देशकालाच्या पलीकडचें आहे : सर्वांच्या हितासाठीं एकावर ओझें टाकावयाचें असेल तर सर्वांच्या प्रतिनिधींस विचारावें, मुदत ठरवावी, झालेला सौदा मोडूं नये आणि ओझ्याचा मोबदला द्यावा.

हें तत्त्व आपणांस परकें वाटण्याचेंहि कारण नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस कर्त्याचा अधिकार ठाऊक आहे. घरची जमीन विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार धर्मशास्त्रानें कर्त्यास दिला. पण मिताक्षरेनें त्याचे प्रसंगहि सांगून ठेविले : आपत्काल, कुटुंबाचा निर्वाह आणि धर्मकृत्य. यांखेरीज कर्त्यानें जमीन विकली तर इतर भागीदार तो व्यवहार न्यायालयांत उलथून लावूं शकत. कर्ता वाईट असतो म्हणून हा नियम झाला नाहीं. चांगल्या कर्त्यासहि घाईच्या वेळीं एकट्याच्या बुद्धीवर सोडूं नये, एवढेंच शहाणपण त्यामागें आहे. आणि ज्या घरांत एका भावाच्या वांट्यास येणारें उत्पन्न दर वेळीं घराच्या अडचणींत खर्ची पडतें आणि त्याची नोंदहि कोणी ठेवीत नाहीं, तें घर फार दिवस एकत्र राहत नाहीं, हेंहि आपण पाहिलेलें आहे.

भरपाईची कल्पना आपल्या सरकारास अमान्य आहे असेंहि म्हणतां येणार नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें निर्यातकर बसल्यावर नाशिकच्या पेठांतील लिलाव बंद पडले, तेव्हां दोन-तीन दिवसांतच केंद्र सरकारनें क्विंटलला २,४१० रुपये दरानें २ लाख टन कांदा विकत घेण्याचें जाहीर केलें. शेतकऱ्याचें कांहींतरी देणें लागतो, ही जाणीव त्यांत होतीच. परंतु तें देणें हक्क म्हणून नव्हतें, गाऱ्हाण्याचें उत्तर म्हणून होतें. जो ओरडेल, ज्याचा रस्ता अडविण्याइतका जोर असेल, त्यास मिळावें, आणि जो मुकाट्यानें आपली गाडी परत नेईल त्यास मिळूं नये, ही रीत राज्यास शोभत नाहीं. हक्क कायद्यांत लिहिला कीं आंदोलनाची गरज उरत नाहीं, आणि हुकूम काढणारा अधिकारीहि आधीं हिशेब करतो. भरपाईच्या कलमाचा खरा उपयोग हाच आहे. पैसा वांटण्यापेक्षां, पैसा द्यावा लागेल या विचारानें हात आंखडता राहावा, यासाठीं तें असतें.

शेजाऱ्यांचा प्रश्नहि विसरूं नये. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक. २९ सप्टेंबर २०१९ रोजीं आपण एकाएकीं निर्यात थांबविली. थोड्याच दिवसांनीं त्या देशाच्या तेव्हांच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीस आल्या असतां, आपण आपल्या आचाऱ्यास जेवणांत कांदा घालूं नकोस असें सांगून ठेविलें आहे, असें त्या भर सभेंत हंसत म्हणाल्या. आधीं कळविलें असतें तर बरें झालें असतें, असेंहि त्यांनीं सुचविलें. सप्टेंबर २०२० मध्यें दार पुन्हा लागलें. तेव्हां त्या देशानें इतर देशांकडून कांदा आणविला. जपान-ब्राझीलची गोष्ट येथें आठवावी. गिऱ्हाईक एकदां दुसऱ्या दुकानाची पायरी चढला कीं त्यास परत आणणें अवघड असतें.

शेवटीं आपल्या घरचा हिशेब. कल्पनेसाठीं दहा माणसांचें एक कुटुंब धरूं. त्यास महिन्यास दहा किलो कांदा लागतो असें मानलें आणि बंदीमुळें किलोमागें दहा रुपये भाव उतरला, तर त्या कुटुंबाचे महिन्यास शंभर रुपये वांचतात. तोच भाव उतरल्यानें दोन एकरांत दीडशें क्विंटल लाल कांदा काढणाऱ्या शेतकऱ्याचे दीड लाख रुपये जातात. आपल्या शंभर रुपयांवर आपलें लग्नकार्य अडत नाहीं; त्याच्या दीड लाखांवर पुष्कळदां तें अडतें. ज्याच्या भाकरीबरोबर कांद्याखेरीज दुसरें तोंडीं लावणें नसतें, त्या मजुराच्या शंभर रुपयांची गोष्ट वेगळी, आणि त्याची काळजी राज्यानें घेतलीच पाहिजे. पण ती सर्वांच्या तिजोरींतून घ्यावी. नाशिकच्या एका वावरांतून नव्हे.

म्हणून सुशिक्षित गृहस्थांनीं व गृहिणींनीं या प्रश्नांत दोन गोष्टी कराव्या असें सुचवावेंसें वाटतें. पहिली, भाव चढतांच ‘निर्यात बंद करा’ असें म्हणण्यापूर्वीं, बंद केल्यावर दंड कोणास बसेल याचा विचार करावा. शहरांतील मत फार लवकर ऐकूं येतें. १९९८ सालीं दिल्लीच्या निवडणुकींत कांद्याच्या भावानें काय केलें हें सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांस पाठ आहे, आणि त्यांच्या हुकुमांची घाई पुष्कळशी आपल्याच ओरडण्यांतून निघते. दुसरी, आपल्या मतदारसंघाच्या खासदारांस एक साधा प्रश्न विचारावा : निर्यातकरास जशी संसदेची मंजुरी लागते, तशी निर्यातबंदीस कां लागूं नये? १९९२ च्या कायद्यांत चार ओळी घातल्या तर हें काम होण्यासारखें आहे. बंदीचा हुकूम ताबडतोब लागू व्हावा. पण अधिवेशन चालू असेल तर पंधरा दिवसांत, नसेल तर तें भरतांच, त्यास मंजुरी घ्यावी. तो तीन महिन्यांनीं आपोआप संपावा. आधीं ठरलेले सौदे पुरे होऊं द्यावे. आणि ज्या पेठांतील भाव हुकुमामुळें पडला, तेथील शेतकऱ्यांस ठरलेल्या हिशेबानें फरक द्यावा.

या चार ओळींनीं कांदा महाग होईल अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. खऱ्या टंचाईच्या वेळीं कोणतीहि लोकसभा देशांतील माणसें उपाशी ठेवून माल बाहेर जाऊं देणार नाहीं. तिच्यापुढें कारणें मांडावीं लागतील, इतकाच फरक होईल. आणि ज्या हुकुमास चारचौघांत कारण सांगतां येतें, तो सोसण्यास शेतकऱ्यासहि जड जात नाहीं.